दुसरी भेट

कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं त्याच दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, "अवं आई, नुसतं बोलावलं हाय, नोकरी नाही देल्ली."

"बोलावलं म्हंजे घेतीनच," ती म्हणाली. "उगाच कोनी यवतमाळले बोलावते का?"

कौसल्याबाई, म्हणजे माझी आई, अंगणवाडी चालवते. लेकरांना गप्प बसवायची तिला सवय, त्यामुळे मीही गप्प बसले. पण अख्ख्या गल्लीनं पेढा खाल्ला होता, आता रिकाम्या हातानं परत कशी येणार होते मी?

कंपनी सेंद्रिय कापसाची होती. शेतकऱ्यांना विनाफवारणीचा कापूस लावायला तयार करायचं, हंगामभर मदत करायची, मग तो कापूस कंपनी घेणार. मारेगाव-केळापूर भागासाठी जागा एकच. ती मिळाली नाही तर मी पुण्याला जायचं, असं माझ्या भावानं, संघर्षनं, ठरवून टाकलं होतं. तो तिथं एका कारखान्यात खोकी पॅक करायचा आणि माझ्यासाठीही शब्द टाकून ठेवला होता. मी शेतीची पदविका काय खोकी चिकटवायला केली होती? शिवाय आई एकटी पडली असती. मारेगाव सोडायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. कापसानं तेव्हा आमच्या जिल्ह्यात घरंच्या घरं बुडवली होती, आणि पाठोपाठ बॅगवाले आले होते. कुणी सर्व्हेचे, कुणी पेपरचे, कुणी कसल्या समितीचे. सगळे ओट्यावर बसून भराभर विचारायचे, लिहून घ्यायचे आणि जायचे. परत कुणी फिरकायचं नाही. शेवटी लोक बॅग दिसली की दार लोटून घ्यायला लागले.

मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं स्टेजवर तशीच होती, त्यामुळे 'शुभविवाह'च्या खाली कंपनीचा बॅनर लागला होता. लेखी परीक्षा बरी गेली. मग सगळ्यांना गोल बसवून चर्चा करायला लावली. ती म्हणजे लग्नातली पंगत सुटल्यावर हात धुवायला होते ती गर्दी. जो तो पुढे घुसत होता. यवतमाळचा स्वानंद म्हणून टायवाला एक मुलगा होता, त्याचं तेवढं नीट ऐकू आलं.

शेवटची परीक्षा नाटकाची. पुण्याहून आलेल्या ऋचा मॅडमनी समजावून सांगितलं. एकानं शेतकरी व्हायचं, दुसऱ्यानं कंपनीचा माणूस. कंपनीच्या माणसानं दहा मिनिटांत शेतकऱ्याला योजनेत यायला राजी करायचं. सगळ्यांचं झालं की अदलाबदल. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. माझा शेतकरी निघाला केळापूरजवळच्या तांड्यावरचा रूपसिंग राठोड. त्यालाही हीच नोकरी हवी होती. म्हणजे माझं पास होणं त्याच्या हातात, आणि मी पास झाले की त्याचं गेलं. हा कुठला न्याय? मला भयंकर राग आला, पण चिठ्ठी निघाली होती.

स्वानंदनं आमच्याआधी योजनेचे फायदे धडाधड सांगितले. त्याच्या शेतकऱ्यानं मान डोलावली आणि मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग आमचं नाव पुकारलं.

रूपसिंग हाताची घडी घालून खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोन्त्या सर्व्हेच्या तुमी?" त्यानं विचारलं.

पाठ केलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. पदविकेच्या कामाला फिरताना हा आवाज मी गावोगावच्या ओट्यांवर ऐकला होता. तो काही नाटक करत नव्हता.

"सर्व्हेची नाही, भाऊ. मारेगावची हाय. पानी भेटीन का?"

पाणी मागितल्यावर आमच्याकडे कुणी बसून राहत नाही. तो उठला, चक्क मॅडमच्या टेबलावरची बाटली उचलून आणली आणि मला दिली.

"मारेगावच्या कोनाच्या?" आवाज जरा उतरला होता.

"कौसल्याबाई अंगनवाडीवाल्यांची मी. माही मावशी तुमच्याच तिकडं पांढरकवड्याच्या दवाखान्यात सिस्टर हाय."

"कोन? हंसाबाई?"

"हो! तुमी कसे वयखता?"

"अवं, माया बहिनीचं बायतपन त्याहीनंच केलं! पोरगी आडवी होती. रातभर हल्ल्या नाहीत त्या बाई."

मग काय विचारता! त्याची भाची किती मोठी झाली, मावशीचा गुडघा कसा आहे, केळापूरच्या जत्रेत तिची चप्पल कशी हरवली. बोलण्याच्या नादात मी खुर्ची पुढे कधी ओढली ते मलाच कळलं नाही.

"तुमी तं पाहुन्याच निघाल्या," रूपसिंग म्हणाला. "जेवूनच जा."

"आता नाही. पुढच्या बारीनं."

"नक्की?"

"नक्की."

घंटा वाजली. कापसाचा 'क' सुद्धा मी काढला नव्हता.

सगळं कार्यालय हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋचा मॅडम हसल्या नाहीत, उलट त्यांना वाईटच वाटलं असावं. "दीपा, तुम्ही योजनेबद्दल एक शब्दही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "मला इथे शून्यच द्यावं लागेल."

डोळ्यांसमोर गल्लीतले पेढे आले, पुण्यातली खोकी आली, आणि माझं डोकं फिरलं. "द्या ना मॅडम शून्य," मी म्हटलं. "पन पहिल्या भेटीत कामाचं बोलला तो आमच्याकडं बॅगवाला. त्याले लोक हो म्हणून वाटेला लावतात. मले दुसरी भेट द्या, मग काय द्यायचं ते द्या."

"प्रक्रियेत दुसरी भेट नाहीये."

त्यांच्या शेजारी कंपनीचे यवतमाळचे अधिकारी नरहरराव बसले होते. सकाळपासून ते बोलले नव्हते. "मॅडम, गावात तर हंगामभर जावं लागते," ते म्हणाले. "पाहू तरी."

मॅडमनी थोडा विचार केला. "ठीक आहे. पण मग सगळ्यांनाच दुसरी भेट. जेवणानंतर."

जेवताना रूपसिंग माझ्या शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "तुमाले नाही म्हनायचं अशीन तं म्हना. मी राग नाही धरनार."

"मलेबी नोकरी पायजे, ताई," तो म्हणाला.

"माहीत हाय मले."

पुढे आम्ही पोळी-भाजी खाल्ली.

दुसऱ्या भेटीत स्वानंदनं तेच फायदे पुन्हा सांगितले, मध्येच थांबला आणि स्वतःच हसला. "आता पुढे काय बोलू?" बिचारा खरं तेच बोलला.

माझी पाळी आली तेव्हा रूपसिंग उठून उभा राहिला. त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि न मागता पाणी दिलं. "या ताई. येतो म्हनल्या होत्या, आल्या." मग बसला आणि सरळ मुद्द्यावर आला. "फवारनी बंद केली तं पयल्या वर्षी पीक घटीन का?"

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, घट नगण्य. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या.

"घटीन," मी म्हटलं. "चांगलंच घटीन. म्हनून साऱ्या वावरात करू नका. एका कोपऱ्यात करा. मी येत राहीन, दोघं मिळून बोंडं पाहू. नाही जमलं तं पुढच्या साली सोडून द्या."

त्यानं एक 'नाही' म्हटलं असतं तर जागा त्याच्यासाठी मोकळी होती. 

"मंग अर्धा एकर करतो," रूपसिंग म्हणाला.

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू?

मग सगळ्यांची अदलाबदल झाली, रूपसिंगनंही योजना नीट समजावली. संध्याकाळी नरहररावांनी नाव वाचलं. माझंच होतं. रूपसिंगचं दुसरं; काम वाढलं की त्याला बोलावू, असं मॅडमनी सांगितलं. त्यानं टाळ्या वाजवल्या, पण चेहरा उतरला होता. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. एसटीडी बूथवरून शेजारच्यांकडे फोन लावून आईला बोलावलं, तर ती म्हणाली, "मी सांगतलंच होतं. आता मी दुसऱ्यांदा पेढे नाही वाटत बाप्पा."

स्टँडवर रूपसिंग भेटला. मला राहवलं नाही. "काहून हो म्हनलं तुमी?"

"नाही म्हनून पाह्यलं मनातल्या मनात," तो म्हणाला. "जमेच ना. तुमचं पटलं होतं मले. पानी देल्लं, जेवाले बोलावलं, अन् मंग तोंडावर खोटं बोलू?" मग तो म्हणाला, "अर्धा एकर खरंच हाय, ताई. बाबाचं वावर. मी सांगीन त्याले."

त्याची गाडी लागली. तो चढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "जेवाचंबी खरंच होतं! माय भाकरी टाकीन. कधी येता?"

"सोमवारी," मी ओरडले.

कंपनीत रुजू व्हायला अजून वेळ होता. पण सोमवारी सकाळी आईनं नव्यानं आणलेल्या पेढ्यांचा पुडा घेऊन मी केळापूरच्या गाडीत बसले.