भरतकामाच्या खोलीत शिरलेला चोर

मित्रांनो, माझी पिवळी पडलेली पाठ आणि खोकत फिरणारा पंखा पाहून तुम्ही ओळखलेच असेल, मी एक जुना संगणक आहे. कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्यासारखेच शेकडो भाऊ शेजारी रांगेत उभे होते. कोणी शाळेत गेले, कोणी दवाखान्यात. माझ्या वाट्याला आली दोन जावांची भरतकामाची खोली.

खोली लहान, पण रंगांनी भरलेली. भिंतीभर खिळ्यांवर रिळे, खिडकीशी भरतकामाचे यंत्र, आणि त्याच्यापासून माझ्यापर्यंत आलेली एक जाड वायर. नक्षी माझ्या पोटात असे. मी एकेक टाका यंत्राला सांगायचा आणि सुईने तो कापडावर उमटवायचा. शाळेचे बिल्ले, परिचारिकांच्या खिशांवरची नावे, उशांवरच्या वेली. यंत्र सुरू झाले की थोरली जाऊ त्याच्या ठेक्यावर काहीबाही जुळवून गुणगुणायची:

सुईबाई, सुईबाई, तुला कशाची गं घाई
धागा राहिला गं मागं, त्याची वाट कोण पाही

धाकटी हसायची. "ताई, गाणं पुरे, टोपीचा माल द्यायचाय." आणि जाता जाता माझ्या पाठीवरची धूळ पदराने पुसायची. मला ते फार आवडे.

धाकटीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: दुसरे यंत्र. एका यंत्रावर कामाला येणाऱ्या सात बायकांना काम पुरत नव्हते. निम्म्या जणी दुपारपर्यंत हात चोळत बसायच्या. चार वर्षे तिने बँकेत पै पै साठवली होती.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. माझ्यात एक पहारेकरी होता. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. आत येणारी प्रत्येक फाइल तो तपासायचा. पण तो फेरीला निघाला की माझी दमछाक व्हायची, यंत्रापर्यंत टाके वेळेवर पोचायचे नाहीत, आणि सुई पाकळीच्या मधोमध थांबायची. धागा तुटायचा, कापड वाया जायचे. एके दिवशी थोरली वैतागली. "हा मेला राखण करतो की खोडा घालतो?" असे म्हणून तिने पहारेकऱ्याला बंद करून टाकले. त्या आठवड्यात एकही पाकळी बिघडली नाही. थोरली खूश झाली. धाकटीला सांगायचे मात्र राहून गेले.

भरतकाम करणाऱ्यांना अनोळखी लोकांच्या मेल रोजच येतात. कोणी फुलाचे चित्र पाठवतो, कोणी बिल्ल्याचे. न उघडून कसे चालेल? तशीच एक मेल आली. 'शाळेचा बिल्ला, दोनशे नग, तातडीने.' थोरलीने जोडलेली फाइल उघडली. वर पिवळी पट्टी आली: चित्र दिसण्यासाठी परवानगी द्या. थोरलीने दिली. खाली दिसला नुसता धुरकट डाग. बिचारीने अगदी नम्रपणे उत्तर लिहिले, 'चित्र नीट दिसत नाही, कृपया पुन्हा पाठवावे.' चोराला घरात घेतले, आणि वर त्यालाच विचारले की पुन्हा कधी येता!

हो, मित्रांनो, त्या परवानगीबरोबर आत शिरला तो चोर. कपाटे फोडणारा नव्हता, कान लावून बसणारा होता. मी सुरू होताना आपोआप जागे व्हायच्या प्रोग्रॅमांच्या यादीत त्याने एक साळसूद नाव घेऊन जागा पटकावली. आणखी एक तुकडा त्याने इंटरनेट बघायच्या खिडकीला चिकटवला. मग कळफलकाशी कान लावून तो गप्प बसला. पत्रे लिहिली, हिशेब झाले, तो हलला नाही. तो वाट पाहत होता बँकेच्या पानाची. मला सगळे जाणवत होते. पण मला तोंड नाही. मी कण्हलो, पंखा जोरात फिरवला. थोरली म्हणाली, "म्हातारा झाला गं आता."

मग तो दिवस उजाडला. जेवणे आटोपून धाकटी माझ्यासमोर बसली. यंत्रवाल्याला आगाऊ रक्कम पाठवायची होती. सातही जणी मागे उभ्या. तिने बँकेचे पान उघडले, पासवर्ड टाकला, आणि चोराने ती सगळी अक्षरे टिपून घेतली. मग त्याने खऱ्या पानावर आपली एक चौकट पसरली. रंग बँकेचा, अक्षर बँकेचे. 'सुरक्षेसाठी कार्डाचा क्रमांक, त्याचा गुप्त आकडा आणि मोबाइलवर आलेला आकडा भरा.'

धाकटीचा हात थांबला.

"भर की," थोरली म्हणाली. "बँकच विचारतेय."

"चार वर्षांत बँकेनं कार्डाचा गुप्त आकडा कधी विचारला नाही, ताई. आज बरा आठवला?"

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आकडा आला होता. संदेशात लिहिले होते: नवीन खाते जोडण्यासाठी. तिने कोणतेही खाते जोडायला घेतलेच नव्हते!

ती उठली आणि माझी इंटरनेटची वायर उपटली. चोर बोलता बोलता मुका झाला. "कुणी कशाला हात लावू नका," ती म्हणाली. पडद्यावर दिसणारा मदतीचा क्रमांक तिने घेतला नाही. पासबुकावरचा पाहिला आणि आपल्या मोबाइलवरून फिरवला. पलीकडच्या बाईंनी सांगितले, "आत्ताच कोणीतरी तुमच्या नावाने आत शिरलंय. नवं खातं जोडायला बघतोय. तुम्हीच का?"

"मी नाही. बंद करा सगळं. आत्ताच्या आत्ता."

खाते गोठले. रक्कम होती तिथेच राहिली. नवा पासवर्डही तिने मोबाइलवरूनच घेतला, मेलचासुद्धा बदलला, आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवली. सगळे झाल्यावर थोरली खालमानेने म्हणाली, "पहारेकऱ्याला मीच निजवला होता गं."

धाकटीने तिच्याकडे पाहिले. रागावली असेल, पण बोलली एवढेच, "मग आता तुम्हीच उठवायचा."

संध्याकाळी दुरुस्तीवाले काका आले. शिंकत शिंकत त्यांनी मला उघडले. "वहिनी, भंगारात द्या. नवा घ्या."

"नव्यातही असाच शिरला तर? काका, हा वाईट नाही, आत शिरलाय तो वाईट. त्याला काढा."

काकांनी दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पेनड्राइव्हवर तपासणीचा प्रोग्रॅम आणला. मला मोजक्याच गोष्टींनिशी सुरू केले, म्हणजे चोराला जागे होता येऊ नये. यादीतले ते साळसूद नाव सापडले. खिडकीला चिकटलेला तुकडाही सापडला. दोन्ही काढले, मला पुन्हा सुरू केले, आणि ते नाव यादीत परत हजर! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मुळं खोल गेलीत. सगळंच पुसावं लागेल."

"आणि माझ्या वेली?" थोरली कळवळली.

"फुलं काढून घेऊ. कुंड्या नाही." म्हणजे नक्षीच्या फाइली तेवढ्या तपासून बाहेर ठेवायच्या, जुना एकही प्रोग्रॅम सोबत न्यायचा नाही.

धाकटीने माझ्यावर हात ठेवला. "पुसा," ती म्हणाली.

मला भीती वाटली का? वाटली. पण चोराला पोटात घेऊन जगण्यापेक्षा कोरे होणे बरे, असे मीही ठरवले. एकेक कोपरा रिकामा होत गेला, आणि त्याबरोबर तोही गेला, मुळासकट. सगळे साठवणारी पोटातली तबकडी कोरी झाली, पण या पत्र्याच्या अंगाला जे लक्षात राहायचे ते राहिलेच.

मग नव्या प्रोग्रॅमांनी मी पुन्हा उभा राहिलो. नक्षी परत आली. थोरलीने स्वतःच्या हाताने पहारेकऱ्याला जागे केले, आणि काकांनी त्याची मोठी फेरी जेवणाच्या सुट्टीत लावून दिली, जेव्हा सुई थांबलेलीच असते. इतका सोपा उपाय होता. कोणी विचारलाच नव्हता.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. आम्ही संगणक आज्ञाधारक असतो. परवानगी कोणी मागितली हे आम्ही पाहत नाही, तुम्ही दिलीत एवढेच पाहतो. म्हणून तुम्ही पाहा. पहारेकरी कामात आडवा आला, तर त्याची वेळ बदला, त्याला हाकलू नका. अद्ययावत व्हायला मी दहा मिनिटे मागितली, तर ती द्या. आणि चूक झालीच, तर लाजून लपवू नका. वायर काढा आणि लगेच सांगा.

खाते पुन्हा खुले झाले त्या दुपारी धाकटी माझ्यासमोर बसली. सातजणी मागे उभ्या. तिने नवा पासवर्ड एकेक कळ दाबत टाकला. यंत्रवाल्याचा निरोप आला, 'रक्कम पोचली, सोमवारी यंत्र पाठवतो,' आणि खोलीत टाळ्या वाजल्या.

ती सगळी अक्षरे मी ऐकली होती. बँकेला सांगितली. आणखी कोणालाही नाही.