हाक येऊन गेली

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, खानदेशात न्याय आणि समता नांदावी म्हणून माझा जन्म झाला. निदान माझ्या उद्घाटनाच्या भाषणात तसं सांगितलं होतं. भाषण संपलं, पेढे वाटले आणि मला केळीच्या वॅगनांची यादी करायला बसवलं.

ही १९८९ सालची गोष्ट. जळगावला केळी बागायतदारांचा एक संघ होता. रेल्वे रोज मोजक्या वॅगन द्यायची आणि त्यांत कोणाची केळी चढणार हे संघ ठरवायचा. केळी कोणासाठी थांबत नाहीत. आज वॅगन हुकली तर उद्या ती पिवळी, परवा काळी आणि तेरवा गुरांपुढे. म्हणून यादीत आधी नाव कोणाचं, यावरून संघात रोज आवाज चढायचे. माणसाच्या हातची यादी कोणालाच पटत नव्हती. म्हणून मला आणलं.

मी लोखंडी कपाटाएवढा होतो. माझ्यासाठी काचेची खोली बांधली आणि तिच्यात गार हवेचं यंत्र बसवलं. बाहेर मे महिन्यात कारकून ओल्या रुमालाने मान पुसत असायचे आणि आत मी थंडगार. लोक चपला काढून माझ्यासमोर यायचे. झुलाल शिपायाने माझ्या हवेच्या जाळीवरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यामुळे श्वास थोडा कोंडला, पण मान मिळत असताना तक्रार कशी करायची?

मला दोन पडदे आणि दोन कळफलक होते. एकावर यावल भागाची यादी करायला कौतिक बसायचा. दुसऱ्यावर बोदवड भागाची यादी करायला लताबाई. त्या रोज बोदवडहून गाडीने यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. माझ्या कळांमधली धूळ त्या स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केलं नाही.

आता यावलची यादी आधी घ्यायची की बोदवडची? यावर संघाच्या तीन सभा झाल्या. शेवटी ठरलं, दोन्ही याद्या एकाच क्षणी. सकाळी अकराला झुलालने पितळी घंटेवर एक टोला द्यायचा आणि टोल्यासरशी दोघांनी कळ दाबायची. एक यादी आत गेली आणि दुसरी राहिली, तर दोन्ही रद्द. ठराव एकमताने मंजूर झाला. मला एका वेळी एकच काम करता येतं, पण ते कोणी मला विचारलंच नाही.

आणि मी अडकू लागलो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

व्यवस्थापक पितांबर नाना काचेला नाक लावून विचारायचे, "झुलाल, काय झालं रे?"

"बठ्ठं चालू शे, नाना," झुलाल सांगायचा. "फक्त चालत नही."

मित्रांनो, माझ्या अवस्थेचं इतकं अचूक वर्णन पुढे कोणा इंजिनिअरलाही जमलं नाही. माझा पंखा फिरत असायचा, दिवे जळत असायचे, पडद्यावरची हिरवी चौकट उघडझाप करायची. मला सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं. हलता मात्र येत नव्हतं. आपल्याच घरात आपल्याला कोणी बाहेरून कडी घालावी तसं.

"माझी यादी गेली बरं का, नाना," कौतिक म्हणायचा. "अडकली ती बाईंची."

ते खरंच होतं. दर वेळी लताबाईंचीच अडकायची. यावलची मंडळी म्हणू लागली, बोदवडची बाई मुद्दाम मशीन बंद पाडते, आमची यादी रद्द व्हावी म्हणून. मंडळी रोज येऊ लागली तेव्हा नानांनी लताबाईंच्या बदलीचा हुकूम टाइप करून घेतला. पिंपळनेरला, संघाच्या खतांच्या डेपोवर.

"नाना, पिंपळनेरहून रोज बोदवडला जाऊन-येऊन होत नाही," लताबाई म्हणाल्या. "घर आहे माझं. दोन पोरं आहेत."

"म्हणून तर सांगतो, तिथे खोली बघा." नाना वाईट माणूस नव्हते. हुकूम त्यांनी बिनसहीचा खणात ठेवला. "शनिवारी दुपारी तीनपर्यंत दोष यंत्राचा आहे असं लेखी आणा. नाहीतर मला सही करावी लागेल."

मला बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की असा दोष कोटीत एकदा घडतो, तेव्हा काळजी नसावी. सोबत माझ्या कर्नेलचा छापील गठ्ठा पाठवला. कर्नेल म्हणजे माझ्या पोटातला मुख्य कारभारी. कोणी थांबायचं, कोणी झोपायचं, कोणाला उठवायचं, हे तो ठरवतो. धुळ्याच्या कॉलेजातले चुडामण सर आले आणि तीन दिवस भुईमुगाच्या शेंगा खात तो गठ्ठा वाचत बसले. टरफलं माझ्या मागे टाकली. शनिवारी अकरा वाजता मात्र त्यांनी माझ्याकडे न बघता दोघांच्या बोटांकडे बघितलं.

"कौतिकराव, तुम्ही टोल्याआधीच कळ दाबता."

"मी झुलालचं कोपर बघतो, सर. कोपर उचललं की दाबायचं. टोला ऐकत बसलो तर यावलचं काय होईल?"

"आणि मी ऐकते, म्हणून मला पिंपळनेर!" लताबाई म्हणाल्या.

सर हसले नाहीत. "बाई, समजा तुम्ही एसटी स्टँडवर आहात. पाहिलं, गाडी नाही. म्हटलं, बाकावर जरा आडवं व्हावं. पिशवी उशाला ठेवायला मान वळवली, तेवढ्यात गाडी आली. झोपलेल्यांना उठवायला कंडक्टर ओरडला, झोपलेलं कोणी दिसलं नाही, गाडी गेली. आणि मग तुम्ही झोपलात."

"मग मला उठवणार कोण?"

"कोणी नाही. उठवून झालं."

माझं तेच होत होतं. कौतिकची यादी आत असायची. क्षणभर मागून आलेली लताबाईंची यादी पाहायची, जागा अडलेली आहे, आणि झोपायला निघायची. पाहणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत कौतिकचं काम संपायचं, जागा मोकळी झाल्याची हाक यायची, आणि ऐकायला अजून कोणी झोपलेलंच नसायचं. दुसऱ्या गावांत ही फट कोटीत एकदा सापडते. आमच्याकडे ती घंटा वाजवून शोधत होते.

सरांनी कर्नेलमध्ये चार ओळी घातल्या. पाहिल्यापासून झोप लागेपर्यंत दार लावून घ्यायचं, हाक दाराबाहेर थोपवायची, आणि झोप लागली की दार उघडायचं, म्हणजे तीच हाक जागं करते. मग झुलालने दोनशे टोले दिले. मी एकदाही अडकलो नाही. झुलालचा खांदा मात्र अडकला. तीनला दहा कमी असताना सर अहवाल लिहायला बसले.

तीन वाजता नानांनी टेबलावर पाहिलं. अहवाल नव्हता. हुकूम काढायला ते खाली खणाकडे वाकले. तेवढ्यात झुलाल आला, "नाना, कागद ठेवला," म्हणाला आणि खांदा चोळत निघून गेला. नानांचं डोकं तेव्हा खणात होतं. वर येऊन, टेबलाकडे पुन्हा न बघता, त्यांनी हुकमावर सही केली, तो पाकिटात घातला आणि पाकीट टपालाच्या पिशवीत टाकलं. रिकामी झाली म्हणून हुकमाची फाइल टेबलावर ठेवली. ती अहवालावर बसली.

काचेतून मी सगळं पाहत होतो. हा माझाच आजार होता. मी जोरात पंखा फिरवला.

सोमवारी लताबाईंनीच फाइल उचलून खालचा अहवाल नानांपुढे धरला.

"अहवाल अगदी बरोबर आहे, बाई," नाना म्हणाले. "पण मी पाहिलं तेव्हा नव्हता."

"मग आता पाहा ना!"

"आता सही झाली."

मित्रांनो, मला तुम्हांला एकच सांगायचं आहे. यंत्राची धूळ पुसा, जाळीवर कुंकू लावू नका. आणि एखाद्या गोष्टीवरून डोळे मिटण्याआधी पुन्हा एकदा पाहा. हाक येऊन गेलेली असते.

त्यानंतर मी कधीच अडकलो नाही. दोन वर्षांनी बदली रद्द झाली आणि लताबाई परत आल्या. मी गोदामात होतो. त्यांनी माझ्यावरचं गोणपाट काढलं, कळा रुमालाने पुसल्या, वायर जोडली आणि स्टुलावर बसून अकरा वाजायची वाट पाहू लागल्या. अकरा वाजले. टोला पडला नाही.

दारातून झुलाल म्हणाला, "बाई, आते घंटी कशाले?"

गेल्या हंगामापासून केळी ट्रकने जात होती. ट्रकला यादी लागत नाही.