उलटं झाड

“मूळ वर अन् फांद्या खाली? हे कोनतं झाड वं, भाग्यश्री?” टोपली काखेत धरून मैनाबाई लॅपटॉपात डोकावली.

“कंपूटरचं झाड असंच रायते, आई. वरचं नाव तुयं. ते दाबलं का खाली मी अन् पिंटू.”

“उलटं झाड घरात बरं नाई, माय. अन् मोहफुलं वेचाले येत नाईस तं कान तरी इकडं ठेव. काल नाल्यात वाघाचे पंजे उमटून होते.”

धानोऱ्याकडच्या त्या टोल्यावर, जंगलातल्या त्या लहानशा वस्तीवर, मोहफुलं वेचायची रीतच होती. झाडाखाली वाकलेल्या माणसानं अधूनमधून ‘कुऊऽऽ’ करायचं, घरच्यानं ओ द्यायची. हाक थांबली, की डबे बडवत धावायचं.

नेट फक्त ओट्यावर मिळायचं. तिथंच बसून भाग्यश्री नागपूरच्या कंपनीसाठी हे नावांचं झाड बनवत होती. कुठल्याही वेबसाइटवर नेऊन बसवावं असं. चाचणीला तिनं घरचीच नावं घातली होती. आज ते नापास झालं, तर टोल्यात मिरवलेली नोकरी जाणार होती. आई मोहाकडे गेल्यावर हेडफोन लावताना मनाला रुखरुख लागली, नाही असं नाही. पण लावला.

“सगळ्यात वरचं नाव काढ,” कंपनीच्या साधना मॅडम कानात म्हणाल्या.

तिनं ‘मैनाबाई’ पुसलं आणि अख्खा पडदा कोरा झाला.

“अगं, मुलं कुठे गेली? आई गेली तरी मुलं राहायला हवीत ना!”

भाग्यश्री ओळीमागून ओळ तपासू लागली. चूक सापडता सापडेना. शेवटी सापडली, तिनं दुरुस्त केली आणि आईचं नाव पुन्हा पुसलं. या वेळी भाग्यश्री आणि पिंटू जागच्या जागी राहिले. वर कोणी नव्हतं. हिरवी खूण आली.

“शाब्बास! पास.”

तिनं हसत हेडफोन उतरवला. ऊन पार ओट्यावर चढलं होतं. ती अंगणाच्या टोकाला धावली.

“कुऊऽऽ!”

नाल्याकडून फुलं वेचणाऱ्या सीताकाकीची ओ आली. टेकडीखालून सुकलूभाऊची आली. मधल्या मोहाखालून, आईच्या मोहाखालून, आली नाही. तिनं जीव खाऊन पुन्हा हाक दिली. पुन्हा दोघांचीच ओ.

मग सीताकाकी ओरडली, “भाग्यश्री, तुया मायची हाक कवाची थांबली वं?”

भाग्यश्रीला ते ठाऊक नव्हतं. तिनं दारातला डबा उचलला आणि बडवत धावत सुटली. ओट्यावर, लॅपटॉपात, दोघा भावंडांची नावं तशीच उघडी राहिली.