उताराच्या वाटेनं

दुपारी कस्तुरीचा ऑफिसचा कॉल संपला तेव्हा बाबा घरात नव्हते. दार उघडं होतं, फोन टेबलावर. पद्मनाभराव पुण्याहून लेकीकडे, कानडी मुलखात बनशंकरीला आले त्याला वर्ष झालं होतं, आणि अलीकडे त्यांना घराचा पत्ताही आठवत नसे.

ती शेजारच्या श्यामला अक्कांकडे धावली. अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. शाळेत त्यांनी भूगोल शिकवलेला.

"बाबांना चढ चढवतो का?" अक्कांनी चपला घालतानाच विचारलं.

"नाही हो, गुडघे धरतात. सपाटीवर मात्र चालत राहतात."

"सरी, बरं. मग वर देवळाकडे गेले नसणार. पाणी जातं तिकडे जाऊ."

दोघी उतरू लागल्या. तिठ्यावर दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते. कस्तुरीला रडू फुटायचं बाकी होतं. अक्का वाकल्या. कालच्या पावसानं वाळू आणि गुलमोहराची पानं डावीकडे वाहून नेली होती.

"इकडे. आपल्या गल्लीचं सगळं पाणी खालच्या नाल्याला मिळतं. तिथून वृषभावती, मग अर्कावती, मग कावेरी."

"अक्का, ते कावेरीपर्यंत गेले तर?"

"स्वल्प धीर धर गं. त्याआधी दमतील."

नाल्यावरच्या पुलाशी शिंप्याचं दुकान होतं. बाहेर खुर्चीवर बाबा बसले होते. हातात ताकाचा पेला, पायांतली एक चप्पल गायब. शिंप्यानं त्यांना उन्हातून बोलावून बसवलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, तरी गप्पा चालू होत्या.

"बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "यांना घर विचारत होतो, तर हे ताकच देतायत."

कस्तुरी हसता हसता रडली. तिनं शिंप्याला नुसते हात जोडले. आभार कन्नडमध्ये अक्कांनी मानले, भरपूर मानले.

बाबांना रिक्षानं घरी आणलं. संध्याकाळी त्यांच्यापाशी पाणी भरणाऱ्या बाईला बसवून दोघी पुन्हा त्याच उतारानं गेल्या. फुलवाली, इस्त्रीवाला, औषधाचं दुकान, सगळ्यांना बाबांचा फोटो दाखवला, नंबर दिला. कुणीही नाही म्हटलं नाही. फुलवालीनं तर मोगऱ्याचा गजरा बळेच हातात ठेवला.

त्यानंतर बाबा दोनदा निसटले. दोन्ही वेळा ते तिठ्यापर्यंतही पोचायच्या आत कस्तुरीचा फोन वाजला.