डाव्या डोळ्याला दिसणारा माणूस

त्या घरात कुणाचं काहीही बिघडलं, की सगळ्यात आधी एकच वाक्य ऐकू यायचं, "मी सांगितलं होतं!" ताप आलेला असो की पाय मुरगळलेला, घरातला कर्ता मुलगा आधी चूक कुणाची ते ठरवायचा आणि मग औषध शोधायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायचा, तीच सवय घरी आली होती. आपल्यापैकी किती घरांत हे वाक्य ऐकू येत नाही?

त्याच्या बायकोने लेसर करून चष्मा घालवायचं ठरवलं, तेव्हाही तो म्हणाला होता, "चांगला चाललाय की चष्मा. डोळ्यांशी खेळ कशाला? नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही हं."

ती एका लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त घ्यायची. दिवसभर तोंडावर मास्क आणि वाफेने धुरकटलेल्या काचा. वैतागली होती बिचारी. तिने शस्त्रक्रिया करून घेतली.

उजवा डोळा लख्ख झाला. डावा मागे राहिला. उजेड कमी झाला, की त्या डोळ्याला प्रत्येक माणसाच्या खांद्याशी आणखी एक फिकट माणूस दिसायचा. सासूबाई खुर्चीत बसल्या, की त्यांच्या अंगातून कुणीतरी अर्धवट उठून उभं राहतंय असं वाटायचं. लॅबमध्ये सुई शिरेच्या अलीकडेच टेकायची. "आज हात हलका नाही हो तुमचा," नेहमीचे पेशंट म्हणू लागले. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं, पण जायचं तर घरी कारण सांगावं लागणार. मग ते वाक्य! ती गप्प राहिली. कुणी विचारलंच, तर हसून म्हणायची, "एकदम छान दिसतंय!"

एका संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, तिची चार वर्षांची मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. ही दारातून बाहेर आली आणि जागीच थिजली. मुलीच्या पाठीवर कुणीतरी राखाडी, बिनचेहऱ्याचं ओणवं झालं होतं!

"कोण आहे?" ती किंचाळली आणि झेपावली. अंतर चुकलं. मुलीला धरायला गेलेला हात मुलीच्या खांद्यावर आदळला. पोर घरंगळत खालच्या वळणापर्यंत गेली.

नवरा धावत आला. मुलीची हनुवटी फाटली होती.

"कोण होतं इथे?"

"होतं कुणीतरी... तिच्या मागे..."

"अगं, कुणीच नाहीये!"

टाके घालून घरी आल्यावर ती मुलीच्या उशाशी बसून एकच म्हणत राहिली, "मी ढकललं तिला." हिच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं नवऱ्याला वाटलं. सासूबाई मात्र तिच्याजवळ येऊन बसल्या.

"खरं सांग. माझ्याशी बोलताना तू माझ्या शेजारी कुणाकडे बघतेस गं?"

तिचा बांध फुटला. "आई, डाव्या डोळ्याला तुम्ही दोन दिसता. शस्त्रक्रिया झाल्यापासूनच."

"मी सांगि..." नवऱ्याच्या तोंडून निघालंच.

"थांब!" सासूबाई कडाडल्या. "गीळ ते वाक्य. त्याच्याच धाकाने ही पोर एकटी भुतं बघत बसली. तुझं बरोबर निघालं ना? मग आता काय करतोस त्याचं? लेकीच्या हनुवटीला लावतोस?"

त्याने फोन उचलला आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "दोन्ही डोळे सारखेच भरून येतील असं नसतं. तुमच्या डाव्या डोळ्यात थोडा नंबर उरलाय, आणि तो कोरडाही पडलाय, म्हणून उजेड कमी झाला की एकाचे दोन दिसतात. आत्ता थेंब आणि चष्मा देते. नंबर स्थिरावला की पुढचं बघू. पण इतके दिवस आला का नाहीत?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "माझ्यामुळे, डॉक्टर."

चष्म्याने बराच फरक पडला. तरी जिन्याच्या तोंडाशी तिचे पाय आजही अडखळतात. तो घरंगळण्याचा आवाज कानातून जात नाही, आणि त्याला कुठला चष्मा नाही.

काही आठवड्यांनी जेवताना सासूबाईंनी घास खाली ठेवला. "एक सांगायचं होतं रे. माझ्या काखेत गाठ लागतेय हाताला. बरेच दिवस झाले."

त्याला दटावणारी त्याची आईसुद्धा त्यालाच घाबरून गप्प होती! "इतके दिवस..." हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. त्याने ओठ मिटले आणि उठून आईच्या शेजारी जाऊन बसला.

"दुखतं का गं?" त्याने विचारलं. "उद्या सकाळीच जाऊ. मी आहे बरोबर."

आईने त्याचा उष्टा हात घट्ट धरून ठेवला.

वाचकहो, आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायला आयुष्य पडलंय. दुखणं मात्र तोवर थांबून राहत नाही. घरातलं माणूस दुखणं घेऊन आलं, तर आधी त्याला जवळ बसवा. ज्या घरात आजाऱ्याची उलटतपासणी होते, तिथे आजार लपून बसतात. आणि लपलेल्या आजाराने कुणाला गाठावं, हे आपल्या हातात राहत नाही!