हळद पुसली तेव्हा

या, जरा जवळ सरका. चटई मोठी आहे, आणि माझा आवाज आता लहान झालाय. आमच्या बेटावरच्या लोसिवालेच्या नातवाची गोष्ट सांगते. ऐकून हसालही आणि देवाचे आभारही मानाल.

त्या रविवारी पाळकांनी अर्धं प्रवचन गाऊनच सांगितलं. असं प्रवचन झालं की माझे पाय जमिनीला लागत नाहीत. तशाच तरंगत आम्ही बायका भट्टीत भाजलेला तारोचा कंद आणि त्याच्याच पानांची, नारळाच्या दुधातली पालुसामी घेऊन लोसिवालेकडे गेलो. तिची सून फुआतिनो चार दिवसांची बाळंतीण. मुलगा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. लोसिवालेनं रीतीप्रमाणे बाळाला हळद-खोबरेल चोपडलं होतं, टाळूपासून तळपायापर्यंत.

"बघा गं, माझा सोन्याचा नातू!"

"सोन्याचा कसला, पिकल्या केळ्याचा!" मी म्हणाले. सगळ्या हसल्या. फुआतिनो तेवढी हसली नाही. मलाच म्हणाली,

"आत्या, हा सकाळपासून दूध ओढत नाहीये. नुसता झोपून आहे. आणि हा रंग... हळदीचाच ना?"

"मग कशाचा?" लोसिवाले उसळली. "सात पोरं वाढवलीत मी हळदीत! चार दिवसांची आई मला शिकवतेय. फार वाटत असेल तर सकाळचं ऊन दाखव."

त्या पोरीनं काय करावं? फडकं ओलं केलं आणि सगळ्यांदेखत बाळाचं कपाळ पुसायला लागली! आजीनं लावलेली हळद सुनेनं पुसायची म्हणजे तिच्या हातचा घास थुंकून टाकण्यासारखंच. माझा तारो हातातच राहिला.

फडकं पिवळं झालं. तिनं दुसरं घेतलं, पुन्हा पुसलं. आता फडक्याला काही लागेना, कपाळ मात्र पिवळंच. मग तिनं बाळाची पापणी हलकेच वर केली.

"आई, डोळ्यांत तर तुम्ही हळद घातली नव्हती ना?"

लोसिवाले वाकली. बघितलं आणि दुसरीही पापणी वर करून पाहिली.

"माझ्या सातांचे डोळे पांढरे होते," ती पुटपुटली. आणि एकदम ओरडली, "बसलात काय सगळ्या! पाळकांची गाडी आणा!"

पाळक घास गिळतच धावले. रस्ताभर नातवाला छातीशी धरून लोसिवाले बेसूर स्तोत्र गात होती. देवानं ते गोड मानून घेतलं.

"कावीळ आहे," इस्पितळात नर्स एपेनेसा म्हणाली. "पुष्कळ बाळांना होते, बहुतेकांची आपली आपण जाते. पण दूध सोडून पेंगणारं बाळ घरी ठेवायचं नसतं, मावशी. वाढली तर मेंदूला धक्का बसतो. याला उन्हानं भागायचं नाही."

डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं.

"मेला पर्यटक!" लोसिवाले डोळे पुसत म्हणाली. "चष्मा लावून पहुडलाय बघा!"

तिसऱ्या दिवशी तो भुकेनं असा किंचाळला, की मी तिथंच "आमेन" म्हणाले.

आता गावात कुठं बाळ जन्मलं की लोसिवाले पहिली हजर. "हळद राहू दे सध्या. आधी उजेडात आणा, डोळे बघू. माझ्या सुनेनं शिकवलंय मला."

फुआतिनोला पुन्हा दिवस गेलेत. आज सांजप्रार्थनेला बसाल, तेव्हा तिचं नाव घ्यायला विसरू नका हं.