बटणांचे अभ्रे

दोरीवर वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यांपैकी दोन आपले नव्हेत, हे थोरलीच्या लक्षात आलं. घरच्या अभ्र्यांना तोंडाशी कापडाची घडी होती. शिंपीणबाईंकडून तिनेच तशी शिवून घेतली होती. या दोन्हींना बटणं होती, छोटी, पांढरी, चार भोकांची. कापडही जाड होतं.

"हे कुणाचे गं?" तिने धाकट्या जावेला विचारलं.

धाकटी बादली उपडी करत होती. "कुठले?"

"हे, बटणांचे."

"पाहुणे विसरले असतील, ताई."

"पाहुणे अभ्रे घेऊन फिरतात?"

"हल्ली लोक काहीही घेऊन फिरतात. परवा तो एक जण स्वतःची उशीच घेऊन नव्हता का आला?"

ते खरं होतं, म्हणून थोरलीने विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी ते अभ्रे दोरीवरही नव्हते आणि कपाटातही नव्हते. न्यायला कुणी आलेलं तिने पाहिलं नव्हतं.

माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला त्यांनी तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली होती. डोंगर, तळं आणि शांतता यांच्यासाठी शहरातली माणसं येत. परवाना घरातल्या बाईच्या नावाने मिळत होता, म्हणून दारावरच्या पाटीवर थोरलीचं नाव आलं. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या, फोनसुद्धा नवऱ्याच्याच नावावर. तिचं म्हणून नाव कुठे लागलं असेल तर ते त्या पाटीवर. बुकिंग, हिशेब, पाहुण्यांशी बोलणं ती बघायची. स्वयंपाक, खोल्या आणि धुणं धाकटीकडे. तालुक्याच्या शिबिरांत थोरलीला भाषणाला बोलवत. 'आम्ही महिलांनी' अशी तिची सुरुवात असे आणि टाळ्या पडत.

त्या खोल्या हातातून जाण्याची भीती तिला पहिल्यापासून होती. आता त्या भीतीला तोंड फुटलं.

कारणं नुसती अभ्र्यांची नव्हती. धाकटी हल्ली दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायची. परत यायची ती ताजीतवानी, गाल कुठे सुजलेला नाही, बोलण्यात फरक नाही. "तोंडात दात किती आणि खेपा किती," असं सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या. धाकटीचा फोन वाजला की ती न्हाणीघरात जाऊन बोलायची. शिवाय दरवर्षी येणारं म्हातारं जोडपं यंदा ओढ्यापलीकडच्या मोठ्या घरात उतरलं होतं. ते घर एका ठेकेदाराचं. आठ खोल्या आणि फाटकावर रंगीत दिवे. तिथल्या उशांना बटणांचे अभ्रे असावेत, असं थोरलीला उगीचच वाटलं. मग ते उगीच नाही, असंही वाटलं.

"ती पलीकडे काम करते," ती नवऱ्याला म्हणाली. "आपले पाहुणे तिकडे वळवते. मला अगदी दिसतंय."

"काय दिसतंय?"

"अभ्रे, दात, फोन."

"यातून गुन्हा फक्त दातांचाच सिद्ध होतो," नवरा म्हणाला आणि पेपर उघडला. मग पेपराआडून म्हणाला, "खरं असेल तर चुली वेगळ्या करू. पण आधी खात्री कर. उगाच भावाभावांत आग लावू नकोस."

खात्री कशी करायची, हे थोरलीने ठरवलं. जी गोष्ट दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, ती फक्त धाकटीला सांगायची आणि ती ओढ्यापलीकडे उमटते का ते पाहायचं. उमटली तर वाट एकच.

सोमवारी सकाळी कणीक मळणाऱ्या धाकटीजवळ ती उभी राहिली. "कुणाला बोलू नकोस. गुरुवारी पर्यटनवाल्या मॅडम तपासणीला येतायत, न सांगता. या रस्त्यावरची सगळी घरं बघणार आहेत म्हणे. ज्यांच्याकडे घाण दिसेल त्यांचा परवाना जाईल."

"अगंबाई," धाकटी म्हणाली. तिचे हात थांबले. "सगळी घरं?"

"सगळी. पण आपलं आपल्यापाशी."

"हो, हो. मी कुणाला सांगणार?"

मंगळवारी काहीच घडलं नाही. थोरली माडीच्या खिडकीतून पलीकडचं फाटक न्याहाळत राहिली.

बुधवारी सकाळी तिथे एक माणूस शिडीवर चढून फाटक रंगवत होता. खाली दोघी जणी काचा पुसत होत्या. थोरलीला धक्का बसला, आणि त्यात थोडा आनंदही होता. आपण बरोबर होतो याचा आनंद. ती खाली उतरली, रस्त्यावर आली आणि थबकली.

शिंपीणबाईंनी त्यांच्या एकुलत्या खोलीतली गादी उन्हात टाकली होती आणि त्या तिला काठीने झोडपत होत्या. वळणावरच्या घरासमोर पडदे वाळत होते. निवृत्त मास्तरांची सून पायऱ्या घासत होती आणि मास्तर स्वतः कोळ्याची जाळी काढायला स्टुलावर चढले होते. रस्त्याच्या टोकापर्यंत फिनाइलचा वास होता. तिने एका नळीत रंग सोडला होता आणि तो साऱ्या हौदात पसरला होता. यातून काय सिद्ध होतं, हे तिला सांगता येईना.

"अहो, तुम्ही निवांत कशा?" शिंपीणबाई ओरडल्या. "उद्या तपासणी आहे ना!"

घरी नवरा बूट घालून उभा होता. "अगं, उद्या तपासणी आहे म्हणे! दुकानात कळलं. पाटी तुझ्या नावाची, आणि तुलाच पत्ता नाही?"

सासूबाईंनी तिच्या हातात झाडू दिला. घरात तीच एकटी खरं जाणत होती आणि तिलाच माडीचा जिना घासावा लागला.

गुरुवारी कुणीच आलं नाही. दिवसभर माणसं स्वच्छ दारांत उभी राहून रस्त्याकडे बघत होती. संध्याकाळ झाली तशी ती एकमेकांकडे बघू लागली.

शुक्रवारी दुपारी धाकटी मागच्या दाराने आत आली आणि तिने ओल्या चादरींचा गठ्ठा फरशीवर टाकला. चादरी या घरच्याच होत्या, न धुतलेल्या, नुसत्या भिजवलेल्या.

"घ्या," ती म्हणाली. "तोंडावर फेकल्या माझ्या."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांनी." तिचा आवाज चिरकत होता. "जाऊबाई, तपासणीचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

ती कधी जाऊबाई म्हणत नसे. थोरली गठ्ठ्याकडे बघत राहिली, आणि तेवढं धाकटीला पुरलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "काल तुम्ही एकदाही रस्त्याकडे बघितलं नाहीत. सगळी गल्ली बघत होती, तुम्ही सोडून."

"तू पलीकडे का जातेस ते आधी सांग."

"पलीकडे नाही जात मी. ओढ्यावरच्या टाकीवर जाते, धुवायला. आम्ही पाची घरच्या बायका. एक दिवस एकीने पाची घरचं धुवायचं, म्हणजे बाकीचे दिवस धुणं नाही. एक दिवस मरायचं आणि इतर दुपारी आपल्या, काठावर नुसत्या गप्पा मारायच्या. तेच माझे दात." तिने गठ्ठ्याला पायाने ढकललं. "मशीन सगळ्यांकडे आहे, पण दिवसातून दोनदा वीज जाते, आणि जाड चादरी त्याला पेलतात कुठे? पलीकडच्यांच्या खोल्या जास्त, म्हणून साबण त्यांचा. साबण कमी का लागतो, असं कधी विचारलंत तुम्ही?"

"जास्त लागला असता तर विचारलं असतं."

"तेच."

"आणि बटणांचे अभ्रे?"

"त्यांचे. चुकून आपल्या गठ्ठ्यात आले. तुम्ही विचारलंत, तेव्हा त्याच संध्याकाळी मी ते परत दिले."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगायचं? की तुमच्या शत्रूच्या चादरी धुते? तुम्ही आणि ती ठेकेदारीण रस्त्यात एकमेकींकडे बघत नाही. कळलं असतं तर दोन्हीकडून बंद झालं असतं." ती भिंतीला टेकून खाली बसली. "आता झालंच आहे. बुधवारी सगळ्यांच्या दुपारी घासण्यात गेल्या. त्यांना वाटतं, मी मुद्दाम उठवलं. माझं नाव काढलं पाळीतून."

"ते म्हातारं जोडपं?" थोरलीने विचारलं. विचारायची ही वेळ नव्हे हे तिला कळत होतं, पण तो धागा तसाच ठेवणं तिला जमेना.

"आजोबांचे गुडघे गेलेत! आपल्या खोल्या माडीवर!" धाकटी किंचाळलीच. "मीच फोनवर सांगितलं त्यांना, तिकडे खालची खोली आहे म्हणून. ते रडवेले झाले होते. सांगू नको?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय चाललंय गं?"

"काही नाही, आई. दात," धाकटी म्हणाली.

मग ती हलक्या आवाजात बोलली, आणि ते जास्त लागलं. "भाषणात तुम्ही आम्ही महिला, आम्ही महिला म्हणता. मी मागे चटईवर बसलेली असते. त्यात मला धरलेलं असतं का, ते मला कधी कळलं नाही. आता ऐका. माझ्या दुपारी मला परत पाहिजेत. नाहीतर उद्यापासून खोल्या तुम्ही झाडा, स्वयंपाक तुम्ही करा, पाटी तर तुमचीच आहे."

शनिवारी चार पाहुणे यायचे होते. पण थोरली उठली ती त्यांच्यामुळे नव्हे, किंवा निदान नुसती त्यांच्यामुळे नव्हे. तिने गठ्ठा उचलला. तो तिला वाटला होता त्याहून बराच जड निघाला.

टाकीवर चौघी होत्या. शिंपीणबाईंची मुलगी चादर पिळत होती, थोरलीला पाहूनही तिने पिळणं थांबवलं नाही.

"तपासणीचं मी खोटं सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "धाकटीला काही माहीत नव्हतं. मला तिच्यावर संशय होता, म्हणून."

मग ठेकेदाराच्या घरची धाकटी सून, सगळे तिला हसरी म्हणत, न हसता म्हणाली, "म्हणजे तपासणी नाही."

"नाही."

"सोमवारी 'आहे' म्हणालात. आज 'नाही' म्हणता." तिने मास्तरांच्या सुनेकडे पाहिलं. "म्हणजे आता नक्की येणार. आम्ही ढिलं पडायचं आणि चकचकीत घर फक्त यांचं."

"मला पण तेच वाटलं," मास्तरांची सून म्हणाली.

"अहो, नाही! शपथ घेऊ का?"

"शपथ तर धाकटीपण घेत होती."

खोटं एका वाक्यात पसरलं होतं. खऱ्यासाठी तिच्याकडे वाक्यच नव्हतं. "मग काय करू, तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

हसरीने हनुवटीने टाकीकडे खूण केली. "रविवारी पाळी धाकटीची होती. ती तुम्ही करा. पाची घरची. मग तिचं बघू."

रविवारी थोरली टाकीवर वाकली तेव्हा बाकीच्या चौघींपैकी फक्त हसरी थांबली होती. मदतीला नव्हे. ती काठावर बसून पाय हलवत होती. थोरली एकेका घरचा गठ्ठा धुवत गेली. खांदे भरून आले, बोटांची टोकं सुरकुतली. शिंपीणबाईंच्या चादरी संपल्या, मास्तरांच्या संपल्या, वळणावरच्या संपल्या. मग ठेकेदाराचा गठ्ठा तिने सोडला आणि तिचा हात मंदावला.

आठ खोल्या, आणि गठ्ठा एवढासा. शनिवार असूनही निम्म्याहून जास्त घर रिकामं गेलं होतं. रंगीत दिवे लागले होते, फाटकात गाड्याही दिसल्या होत्या, त्या बहुतेक घरच्याच. आपण दर थोडा उतरवला तर आणखी महिनाभरात ते टेकीला येतील. चादर पाण्यात बुडवताना ती पुढचं पुढचं बघत होती.

"मोजताय?" हसरीने विचारलं.

नाही म्हणायला थोरलीने मान वर केली. हसरी तिच्या ओठांकडे बघत होती.

"हो," थोरली म्हणाली.

"पहिल्या दिवशी सगळ्याच मोजतात," हसरी पाय हलवत म्हणाली. "आम्हाला पाची घरांचं माहीत असतं. तुमची माडी तीन आठवडे रिकामी होती, तेव्हा भाषणात तुम्ही 'जागा मिळत नाही' म्हणालात. आम्ही टाळ्या वाजवल्या." ती उठली. "घरी जाऊन कोण काय सांगतं, तेवढंच बघायचं असतं आम्हाला."

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय गं, पलीकडे गर्दी आहे का? गाड्या होत्या खऱ्या. टाकीवर तू आज त्यांच्याही चादरी धुतल्यास ना?"

धाकटी वाढत होती. तिची पळी भांड्यावर थांबली.

थोरलीला बोटं नीट वाकवता येत नव्हती. तिने घास तसाच धरला. "चादरी ओल्या झाल्या की कुणाच्या किती ते कळत नाही," ती म्हणाली.

"तुला कळत नाही?" नवरा हसला. "तुला?"

"नाही कळलं."

धाकटीने तिच्या ताटात भाजी वाढली. ताई म्हणाली नाही, जाऊबाईही म्हणाली नाही. वाढून झाल्यावरही ती क्षणभर तिथेच उभी राहिली आणि थोरलीच्या तोंडाकडे बारकाईने बघत राहिली. हे न सांगणं आजच्यापुरतं आहे की उद्याही टिकेल, ते तिला ठरवता येत नव्हतं.